आर्चालीला पोचलेला मेल

कोक-तोरच्या मोठ्या इस्पितळात सायकालची खोली तळमजल्याला, धुलाईच्या खोलीपलीकडे होती. दारावर कुणीतरी खडूनं लिहून ठेवलं होतं, ‘पत्रं इथे अडकतात.’ अक्षर शल्यविभागातल्या एका डॉक्टरचं आहे हे तिनं पहिल्याच दिवशी ओळखलं. सोळा वर्षं शाळेत गणित शिकवलेल्या बाईला हस्ताक्षर ओळखायला कितीसा वेळ लागणार. तिनं ते पुसलं नाही. खोटं थोडंच होतं.

खोऱ्यात सगळी मिळून सात इस्पितळं. कोक-तोरचं सगळ्यांत मोठं, आणि खिंडीपलीकडचं आर्चालीचं सगळ्यांत लहान, अकरा खाटांचं. या सातही ठिकाणी येणारा प्रत्येक मेल आधी सायकालच्या यंत्रातून जायचा आणि मगच ज्याचा त्याला मिळायचा. यंत्र म्हणजे कपाटाएवढा एक सर्व्हर, आणि त्याच्यावर चालणारी चाळणी. शाळा सोडून ती या कामाला लागली तेव्हा पाच महिने बिश्केकला चुलत बहिणीकडे राहून ती हे सगळं शिकून आली होती. वर्गात सगळी पंचविशीतली मुलं आणि ही चाळिशीची. शेवटच्या परीक्षेत पहिली आली, पण ते तिनं घरी सांगितलं ते सहज, कणीक मळता मळता.

नव्या परिचारिकांना ती आपलं काम समजावून सांगायची तेव्हा फार खोलात शिरत नसे.

“उन्हाळ्यात वर कुरणात तुमच्या तंबूपाशी अनोळखी स्वार आला तर काय होतं? आधी कुत्रा भुंकतो. मग सासरे बाहेर येऊन विचारतात, कुणाचा कोण, कुठल्या गावचा. तो सांगतो ते गाव आणि घोड्यावरची डागणी जुळते का बघतात. मग खोगिराच्या पिशवीत काय आहे ते. माझं यंत्र हेच करतं. पत्रावर ज्याचं नाव आहे त्याच्याच दारातून ते निघालं का, आतली लिंक कुठे नेते, आणि जोडलेली फाइल उघडली तर काय करते.”

“एजे, आमच्याकडे आधी चहा देतात आणि मग विचारतात,” एखादी आगाऊ मुलगी म्हणायची. एजे म्हणजे ताई, सगळी तरुण मंडळी तिला तेच म्हणत.

“म्हणूनच तुमचे पासवर्ड जातात,” सायकाल म्हणायची, आणि वर्ग हसायचा.

संशय येईल अशी फाइल चाळणी स्वतः आधी उघडून बघायची. त्यासाठी सर्व्हरमध्ये एक बंद कोठी होती. आत खोटा संगणक, खोटी कागदपत्रं, खोटे रुग्ण. फाइल विषारी निघाली तर तिनं तिथेच काय तो धिंगाणा घालावा, बाहेर काही येत नसे. दिवसाला तीन हजारांवर मेल यायचे आणि त्यांतले निम्मे दारातूनच मागे फिरायचे. कुणाचा मृत्युपत्रातला वाटा, कुणाचं अडकलेलं पार्सल, कुणाचं बंद होऊ घातलेलं खातं. कुठल्याच डॉक्टरला त्यांचा पत्ता लागत नसे. लग्नाबिग्नात पाहुण्यांनी विचारलं की सायकालचा नवरा सांगायचा, कॉम्प्युटरचं काहीतरी करते, आणि विषय घोड्यांवर जायचा. तिला वाईट वाटत नसे. सकाळी येऊन रात्रभरात काय काय अडवलं त्याची यादी ती वाचायची तेव्हा तिची मान आपोआप ताठ व्हायची, आणि ते बघायला खोलीत कुणी नसायचं.

एकदा मात्र तिचं चुकलं होतं. नोव्हेंबरात बिश्केकच्या प्रयोगशाळेनं एका रुग्णाचा अहवाल कुलूप लावलेल्या फाइलमध्ये पाठवला. कुलूप असल्यामुळे चाळणीला आत बघता येईना, म्हणून यंत्रानं तो अडकवून ठेवला. ठेवला तो ठेवलाच. दोन दिवस सायकालच्याही लक्षात आलं नाही. तो रुग्ण म्हातारा माणूस होता, मूत्रपिंडाचा आजार. योग्य औषध दोन दिवस उशिरा सुरू झालं आणि बरा व्हायला तीन आठवडे जास्त लागले. सायकाल त्याला वॉर्डात जाऊन भेटली आणि काय झालं ते सांगितलं. म्हाताऱ्याला त्यातलं काही कळलं नाही. त्यानं तिलाच वाळवलेले जर्दाळू खायला दिले. तेव्हापासून अडकवलेल्या मेलची यादी ती दिवसातून तीनदा स्वतःच्या डोळ्यांनी तपासायची. जेवणाच्या सुट्टीतसुद्धा.

मुख्य डॉक्टर कासिमाली रिस्कुलोविच यांच्या मनातून मात्र ते गेलं नाही. त्यांनी लेखी आदेश काढला की तुयुक-सूच्या इस्पितळातून येणारे मेल कुठेही न अडवता सोडायचे, कारण रोजचे रुग्ण तिकडूनच येतात. सायकालनं पाच पानांचं उत्तर लिहिलं. शेवटी तडजोड झाली. आदेश फक्त तुयुक-सूहून आर्चालीला जाणाऱ्या मेलपुरता राहिला, कारण तिथलं कनेक्शन हळू आणि डॉक्टर एकच. आदेशावर दोघांच्या सह्या झाल्या.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यातली गोष्ट. नूरुझ, वसंतातलं नवं वर्ष, तीन दिवसांवर आलं होतं आणि स्वयंपाकघरात बायका सुमोलोकच्या खिरीसाठी गहू भिजवायच्या गप्पा मारत होत्या. सकाळी साडेनऊला तुयुक-सूहून फोन आला. जिइदेगुल नावाची एकोणीस वर्षांची मुलगी घोड्यावरून पडली होती, डोक्याला मार. तिथले डॉक्टर इशेनबेक तिला रुग्णवाहिकेतून घेऊन निघत होते. डोक्याचे एक्स-रे फोटो काढले होते. ऑपरेशन कोक-तोरला करायचं की हेलिकॉप्टर मागवून बिश्केकला न्यायचं, हे त्या फोटोंवरून ठरणार होतं. निघण्यापूर्वी चार निवडक फोटो मेलनं पाठवतो, असं इशेनबेकनं सांगितलं. कासिमालींनी लगेच त्याला मेल लिहिला, वाट बघतो. रुग्णवाहिकेला पोचायला दीड तास होता.

दहा वाजून पाच मिनिटांनी इशेनबेकच्या खात्यातून मेल आला, कासिमालींच्या मेलला उत्तर म्हणून. ‘मागितलेली कागदपत्रं सोबत जोडली आहेत, कृपया तातडीनं पाहावीत.’ आणि चाळणीनं तो अडवला.

सायकालनं यादी उघडली तेव्हा तो वरच होता. डागणी बरोबर होती, पत्र खरोखर इशेनबेकच्याच दारातून निघालं होतं. विषय खरा, खालचा आधीचा पत्रव्यवहार खरा. बंद कोठीनं फाइल उघडून दोन मिनिटं पाहिली होती आणि शेरा मारला होता, ‘काही आढळलं नाही.’ तरी चाळणीनं भरवशाचे गुण कमी दिले होते, कारण फोटोच्या जागी एक लेखी कागद होता आणि त्या कागदाच्या पोटात आज्ञांची एक छोटी पुरचुंडी बांधलेली होती. एक्स-रेला कसल्या आज्ञा लागतात, असं तिच्या मनात आलं.

तेवढ्यात कासिमाली स्वतः जिना उतरून आले. हा माणूस रागावला की आवाज चढवत नसे. एरवी तो तिला ‘तू, सायकाल’ म्हणायचा, रागावला की नावाला वडिलांचं नाव जोडायचा.

“सायकाल एसेनोव्ना, इशेनबेकचा मेल तुमच्याकडे आहे अशी यंत्राची सूचना आली.”

“आहे. अडवलाय. मला दहा-पंधरा मिनिटं द्या.”

“मुलगी रस्त्यात आहे. हेलिकॉप्टर मागवायचं तर अकराच्या आत सांगावं लागतं.”

“त्यात फोटो नाहीत असं मला वाटतं.”

“वाटतं,” ते म्हणाले. “नोव्हेंबरातही तुम्हाला काहीतरी वाटलंच होतं.”

हे तिला लागलं. तिनं खुर्चीचा हात धरला. सोडून द्यावा का, असा विचार तिच्या मनात आलाच नाही असं नाही. पत्राला सगळ्या खुणा बरोबर होत्या. अडवलं आणि ते खरं निघालं तर पुन्हा कधी या माणसापुढे उभं राहता येणार नाही. पण त्या कागदाच्या पोटातली पुरचुंडी तिला दिसत होती. आणि ती दिसत असताना ‘माझ्यावर ठपका येईल’ म्हणून दार उघडणं तिला जमणार नव्हतं.

“इशेनबेकना फोन लावा,” ती म्हणाली. “त्यांनी पाठवला म्हटलं की तत्क्षणी सोडते.”

कासिमालींनी फोन लावला. रुग्णवाहिका खिंडीत असणार. तिथे आवाज पोचत नाही. दोनदा लावला, तिसऱ्यांदाही नाही.

“मग इथे बसा,” सायकाल म्हणाली. “मी ती फाइल तुमच्यासमोर उघडते. माझ्या कोठीत.”

ते उभेच राहिले. तिनं फाइल कोठीत पुन्हा उघडली, आणि या वेळी दोन मिनिटांची मर्यादा काढून टाकली. काही विषारी फाइली चलाख असतात. कुणीतरी तपासतंय असा संशय आला की झोपेचं सोंग घेतात आणि तपासणारा निघून गेल्यावर उठतात. बिश्केकच्या मास्तरांनी हे एकदा ओझरतं सांगितलं होतं, परीक्षेत विचारणार नाही म्हणून. तिनं खोट्या संगणकाचं घड्याळ पुढे ढकललं. पाच मिनिटं. आठ. कोठीतल्या पडद्यावर कागदपत्रांची रांग शांत दिसत होती. कासिमालींनी मनगट वर करून वेळ बघितली.

कोठीतलं घड्याळ अकरा मिनिटांच्या पुढे गेलं आणि रांगेतल्या पहिल्या कागदाचं नाव बदललं. तिथे अर्थहीन अक्षरं आली. मग दुसऱ्याचं. मग भराभर, कुणी धान्याच्या राशीतून हात फिरवावा तसं. खोटे रुग्ण, खोटे अहवाल, खोटी औषधं, सगळ्यांना कुलूप लागलं. शेवटी पडद्यावर एक निरोप उमटला, की कागद परत हवे असतील तर या पत्त्यावर संपर्क साधा.

कासिमाली स्टुलावर बसले.

“हे वर उघडलं असतं तर?” त्यांनी विचारलं.

“सातही इस्पितळं एका तारेवर आहेत. संध्याकाळपर्यंत कुठल्या रुग्णाला काय औषध चाललंय हे कुणालाच सांगता आलं नसतं.”

“आणि फोटो?”

“ते आलेच नाहीत. इशेनबेकच्या खात्यात दुसराच कुणी शिरलाय. हे त्यांनी लिहिलेलंच नाही.”

ते उठले. वर जाऊन त्यांनी हेलिकॉप्टरवाल्यांना कळवलं की सज्ज राहा, पण उड्डाण करू नका. फोटो नसले तरी मुलगी पोचल्यावर ठरवू. निर्णय घेता आला की तो माणूस सावरायचा.

सायकालनं त्या फाइलची खूण चाळणीला दिली आणि विचारलं, अशी आणखी किती. चाळणीनं एका क्षणात उत्तर दिलं. इशेनबेकच्या खात्यातून सातही इस्पितळांतल्या एकोणचाळीस लोकांना हाच कागद गेला होता. अडतीस अडवलेले होते. एक पोचला होता.

आर्चाली. त्या आदेशामुळे.

तो मेल आर्चालीच्या नोंदणी खिडकीवर गेला होता, बुरुल आपांच्या नावावर. सायकालनं दूरवरूनच तो त्यांच्या डब्यातून काढून घेतला. एवढं तिच्या हातात होतं. पण शेजारी नोंद होती: ‘वाचला, दहा वाजून अकरा मिनिटं.’ घड्याळात दहा सदतीस झाले होते. मेल वाचला एवढंच यंत्राला कळत होतं. त्यातली फाइल उघडली का, हे त्या जुन्या संगणकावरून कळायला मार्ग नव्हता. उघडली असेल तर ती अकरा मिनिटं कधीच उलटून गेली होती.

बुरुल आपा त्रेसष्ट वर्षांच्या. चाळीस वर्षं त्यांनी आर्चालीच्या खिडकीवर बसून जाड वहीत नावं लिहिली होती. गेल्या वर्षी वही जाऊन संगणक आला तेव्हा त्या म्हणाल्या होत्या की मला निवृत्त करा, मला हे डबडं नको. सायकालनं दोन दिवस आर्चालीला मुक्काम करून त्यांना शिकवलं होतं. त्या एका बोटानं टाइप करायच्या आणि प्रत्येक शब्दानंतर चष्म्यावरून पडद्याकडे बघायच्या, त्यानं उलट उत्तर दिलं की काय म्हणून.

सायकालनं आर्चालीचा फोन फिरवला. लागेना, सारखा गुंतलेला. मोबाइल लावला. तोही गुंतलेला. आता आर्चालीची तार तोडायची, एवढंच उरलं होतं. तोडली की त्यांचा एकुलता एक डॉक्टर दिवसभर आंधळा. तिनं वर कासिमालींना फोन केला आणि दोन वाक्यांत सांगितलं. ते म्हणाले, तोड, आदेश माझा होता. तिनं तार तोडली.

तोडली आणि तिच्या लक्षात आलं की आर्चालीचा संगणक आधीपासूनच नेटवर्कवर नव्हता. दहा वाजून चौदा मिनिटांपासून.

त्याच वेळी टेबलावरचा फोन वाजला.

“किती वेळ बोलतेस गं फोनवर,” बुरुल आपांचा आवाज आला. “अर्धा तास झाला, लावतेय आणि लावतेय. आधी लाइनच मिळेना, मिळाली तर तू गुंतलेली.”

“आपा, मी तुम्हालाच लावत होते. तुम्ही तो मेल उघडला का, इशेनबेकचा?”

“वाचला. त्याला चिकटलेलं जे असतं ना, ते नाही उघडलं.”

सायकालनं डोळे मिटले. “का नाही उघडलं?”

“अगं, तो इशेनबेकनं लिहिलेलाच नाही. वर लिहिलंय, ‘आदरणीय बुरुल तोकोनोव्ना’. तो माझ्या बहिणीचा मुलगा. मी त्याला पाळण्यात बांधलाय. कचेरीच्या पत्रातसुद्धा मेला ‘ताएजे’ असंच लिहितो, मावशी म्हणून. मी किती वेळा रागावले की अरे, कागदावर तरी नीट नाव घाल, लोक काय म्हणतील. नाही ऐकलं कधी. आणि आज एकदम आदरणीय? मी म्हटलं, एक तर हा आजारी आहे, नाही तर हा तो नाहीच.”

“मग तुम्ही काय केलंत?”

“तू सांगितलं होतंस तेच. माणूस ओळखीचा वाटला आणि बोलणं अनोळखी वाटलं तर हात लावायचा नाही, तार काढायची आणि तुला फोन करायचा. मी तार काढली. निळी काढायची की पांढरी ते आठवेना, म्हणून दोन्ही काढल्या. आता इथे डॉक्टर माझ्यावर ओरडतोय. त्याला तू सांग काहीतरी.”

सायकाल हसायला लागली आणि तिला थांबता येईना. पलीकडून आपा विचारत होत्या की रडतेस की काय. तिनं आर्चालीच्या डॉक्टरला फोनवर घेतलं आणि सगळं सांगितलं. तो तरुण होता, नुकताच आलेला. ऐकून घेतल्यावर तो म्हणाला, एजे, मी त्यांना म्हटलं होतं की कामात लुडबूड करू नका. मग म्हणाला, मी आता त्यांना चहा करून देतो.

अकरा वाजून दहा मिनिटांनी रुग्णवाहिका आली. इशेनबेक जिइदेगुलबरोबर मागच्या बाजूला बसला होता आणि डोक्याचे फोटो त्याच्या कोटाच्या आत होते. मेल पाठवायला वेळच मिळाला नव्हता, मुलीला उलट्या सुरू झाल्या म्हणून तो तसाच निघाला होता. कासिमालींनी फोटो उजेडासमोर धरले आणि तिथेच ऑपरेशन करायचं ठरवलं. दोन तास लागले. संध्याकाळी ती मुलगी शुद्धीवर आली आणि तिनं पहिल्यांदा विचारलं की घोड्याला काही झालं का.

खात्यात चोर कसा शिरला तेही कळलं. आठवड्यापूर्वी इशेनबेकला फोनवर एक निरोप आला होता, तुमची मेलची जागा भरली, पासवर्ड टाका. तो थकलेला होता, त्यानं टाकला. हे सांगताना त्याची मान वर होईना. सायकालनं त्याला नवा पासवर्ड करून दिला आणि वरून दुसरं कुलूप लावून दिलं, की नुसत्या पासवर्डनं खातं उघडणार नाही, हातातल्या फोनवर आलेला आकडाही लागेल. ती त्याला काही बोलली नाही. नोव्हेंबरात म्हाताऱ्यानं तिला जर्दाळू दिले होते तेव्हाची स्वतःची मान तिला ठाऊक होती.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बैठकीला कासिमालींनी तिला वर बोलावलं. एवढ्या वर्षांत ती त्या बैठकीला कधी गेली नव्हती. पांढऱ्या कोटांमध्ये विणलेला स्वेटर घातलेली ती एकटीच. कासिमाली भाषण करणारा माणूस नव्हे. त्यांनी आधी रात्रीच्या रुग्णांचं सांगितलं, मग औषधांचं, आणि मग म्हणाले:

“काल आपल्या सात इस्पितळांवर हल्ला झाला. तो दोन बायकांनी थांबवला. एक ही, सायकाल. मी हिच्यावर दबाव आणला होता, ती हलली नाही. दुसरी आर्चालीची बुरुल तोकोनोव्ना. जिथून तो आत आला ती फट मी पाडली होती, माझ्या सहीनं. तो आदेश मी आज रद्द केलाय.” एवढं बोलून त्यांनी कागद उलटला आणि पुढचा विषय घेतला.

टाळ्या वगैरे काही झाल्या नाहीत. शेजारी बसलेल्या भूलतज्ज्ञ बाईंनी टेबलाखालून सायकालचा हात दाबला. सायकाल समोरच्या भिंतीकडे बघत राहिली. गणिताच्या तासाला एखाद्या अवघड उदाहरणाचं उत्तर पाठीमागच्या बाकावरून बरोबर यायचं तेव्हा तिला असं वाटायचं. छाती भरून यायची आणि चेहरा कोरडा ठेवावा लागायचा. ती खाली आली आणि दुपारी नवऱ्याला फोन करून तिनं सगळं सांगितलं, पहिल्यापासून. तो ट्रक बाजूला लावून ऐकत होता. पुढच्या लग्नात तिच्या कामाविषयी तो इतका वेळ बोलला की पाहुण्यांना घोड्यांवर यायला जागाच मिळाली नाही. अर्थात त्यातलं निम्मं चूक होतं.

नूरुझ झाल्यावर ती मिनीबसनं आर्चालीला गेली. संगणक तपासायचा होता, आणि तारा परत लावायच्या होत्या. बुरुल आपांनी दोन्ही तारा कापडात गुंडाळून कपाटात कुलपात ठेवल्या होत्या. खिडकीवर त्यांनी सायकालला बसवलं, समोर लोणी, कणकेचे तळलेले बोरसोक आणि चहा ठेवला, आणि ती काम करत असताना बाजूला उभ्या राहून प्रत्येक गोष्ट विचारली. गावात आता सगळे त्यांना विचारायला येतात, त्या म्हणाल्या. कुणाला बक्षीस लागल्याचा निरोप आला की फोन घेऊन खिडकीवर येतात. परवा शाळेचा मुख्याध्यापक आला होता. “मी म्हटलं, तुझ्याशी हा कसा बोलतो ते आधी बघ. तुझी बायको तुला ‘प्रिय ग्राहक’ म्हणते का?”

सगळं नीट असल्याची खात्री झाल्यावर सायकालनं आपला लॅपटॉप उघडला. दुपारची यादी तपासायची वेळ झाली होती. बुरुल आपा खुर्ची ओढून शेजारी बसल्या.

“हे ते अडकवलेले?”

“हो. हे सगळे चाळणीनं धरलेत. ह्यांत एखादा चुकून खरा असतो. तो मला शोधायचा असतो.”

आपांनी चष्मा पुसला. यादी हळूहळू वर सरकत होती आणि त्या ओठ हलवत वाचत होत्या. मध्येच त्यांनी बोट ठेवलं.

“हा खरा आहे.”

मेल खोऱ्यातल्या क्षयरोग दवाखान्यातून आल्यासारखा दिसत होता. पत्ता नवाच. चाळणीनं त्याला सगळ्यांत कमी गुण दिले होते.

“कशावरून, आपा?”

“बघ ना. एका ओळीत चार चुका, आणि शेवटी ‘लवकर उत्तर नाही दिलं तर मी स्वतः येईन’. ही तिथली कादिचा. ती असंच लिहिते. चोर इतका वाईट लिहिणार नाही, त्याला आपल्याकडून काम करून घ्यायचं असतं.”

सायकालनं तेवढ्यावर सोडला नाही. क्षयरोग दवाखान्याच्या जुन्या नंबरवर फोन केला. कादिचानंच घेतला. हो, तिनंच पाठवला होता, तिचं नेहमीचं खातं बंद पडलं म्हणून घरच्या पत्त्यावरून. तीन रुग्णांचे अहवाल होते त्यात, आणि उत्तर अजून का नाही म्हणून ती कालपासून चिडलेली होती. सायकालनं फाइल कोठीत घड्याळ पुढे ढकलून उघडली, एक-एक पान बघितलं आणि मेल सोडला.

मग ती थोडा वेळ त्या बाईकडे बघत राहिली. एका बोटानं टाइप करणारी, डोक्याला पांढरा रुमाल, कोपरावर चाळीस वर्षं खिडकीच्या चौकटीवर टेकून पडलेला घट्टा. आणि यंत्रानं तळाला टाकलेला मेल तिनं उचलून वर काढला होता.

“आपा, दिवसातून एकदा ही यादी माझ्याबरोबर वाचाल का? फोनवर. मी बघते ते यंत्राच्या नजरेनं बघते. तुम्हाला माणसं माहीत आहेत.”

“म्हणजे काम वाढवतेस.”

“वाढवतेय.”

आपांनी चहा ओतला, स्वतःला आणि तिला. “मग नाव काय त्या कामाचं? बहिणीला सांगायला काहीतरी पाहिजे.”

सायकालनं जरा विचार केला आणि सांगितलं, तपासनीस. अडवलेल्या पत्रांच्या तपासनीस. तिनं तिथेच चाळणीच्या नियमांत दुसरं नाव जोडलं, बुरुल तोकोनोव्ना, आणि मोकळ्या जागेत त्यांचा फोन नंबर लिहिला. आपा मान वाकवून प्रत्येक अक्षर नीट पडतंय का बघत होत्या. मग त्यांनी मोबाइल उचलला, खिडकी लावून घेतली, बाहेर ताटकळत उभ्या असलेल्या माणसाला पाच मिनिटं थांब म्हणून हातानंच सांगितलं, आणि तुयुक-सूला बहिणीला फोन लावला.

“ऐक,” त्या म्हणाल्या. “आधी सांग, तू बसलेली आहेस ना?”